सातलाच मिटणारी झाडं

माझी मावशी दात बनवते. डेंटल लॅबमध्ये तिला बावीस वर्षं झाली. कवळ्या, टोप्या, एकेक सुटा दात, सगळं तिच्या हातून जातं. समोरचा माणूस हसला की त्याच्या तोंडातला कुठला दात देवाचा आणि कुठला लॅबचा हे तिला कळतं, आणि कळलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यामुळे तिच्यासमोर लोक जरा ओठ मिटूनच हसतात. केसाइतकी चूक तिच्या नजरेतून सुटत नाही. तिच्या घरात जे घडलं ते या नजरेमुळेच उघडकीला आलं आणि चिघळलंही या नजरेमुळेच.

मावशीच्या बाहेरच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी आहे. तिच्यात प्लास्टिकचा किल्ला नाही, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या नाही. आहेत ती झाडं. पुढे नखाएवढ्या उंचीच्या गवताची गादी, मधे शेवाळ चढवलेलं काळं लाकूड आणि मागे लालसर काड्यांचं दाट रान. त्यात तीसेक निऑन मासे आणि काचेसारख्या आरपार कोळंब्या. मासे हे भाडेकरू, झाडं हे मालक, असं मावशी म्हणते. शनिवारी निम्मं पाणी बदलायचं आणि बुधवारी लॅबमधल्या जुन्या लांब चिमट्यांनी व कात्रीने छाटणी करायची, हा तिचा नेम. ताप असला तरी तो चुकत नाही.

दिवसभर ती घरी नसते, म्हणून टाकीचा दिवस तिने आपल्या सोयीने लावून घेतला होता. टाकीखालच्या कपाटात टायमर होता. त्यावर दिवा दुपारी चारला लागायचा आणि रात्री अकराला विझायचा. सात तास, मिनिटभरही जास्त नाही, कारण उजेड जास्त झाला की नको ते शेवाळ माजतं. झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड गॅस छोट्या सिलिंडरमधून एकेका बुडबुड्याने पाण्यात जायचा, तोही त्याच टायमरवर.

घरात माणसं तीन. मावशी, काका आणि काकांची आई, जिला सगळा गोतावळा मोठी आई म्हणतो. काका टॉवर क्रेन चालवायचे. अर्धवट इमारतींच्या वर जो लांब लोखंडी हात फिरत असतो ना, त्याच्या केबिनमध्ये ते सकाळी चढायचे आणि संध्याकाळी उतरायचे. बोलणं कमी. टाकीचा लोखंडी स्टँड त्यांनीच वेल्डिंग करून दिला होता, पण त्यापुढे टाकीशी त्यांचा संबंध नव्हता. मोठी आई तर टाकीला डबकं म्हणायची. “तुझ्या डबक्याचं झालं असेल तर जेवायला बस,” असं.

पहिली गोष्ट अशी झाली की सिलिंडर लवकर संपला. तीन महिने पुरणारा गॅस सात आठवड्यांत खलास. मावशीने प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून पाहिलं, कुठेही फुगा आला नाही. सिलिंडर भरून घ्यायला गेली तेव्हा ॲक्वेरियमवाल्यानेही सगळं तपासलं आणि सहज म्हणाला, गळत नसेल तर कोणीतरी वापरतंय. तो हसला. मावशी हसली नाही. घरी येईपर्यंत ते वाक्य तिच्या डोक्यात दाढेतल्या काडीसारखं अडकून बसलं.

मग तिने झाडांकडे नीट पाहायला सुरुवात केली. मागच्या लाल काड्यांची एक सवय असते. दिवसभराचा उजेड पोटभर घेऊन झाला की त्या शेंड्याची पानं मिटून घेतात, दिवा चालू असला तरी. मावशीच्या टाकीत ती साडेदहाच्या सुमारास मिटायची. आता ती सातलाच मिटू लागली होती. मावशी साडेपाचला घरी यायची तेव्हा पानांवर हवेचे मणी नुकते धरायला हवेत. त्याऐवजी सगळं गवत मण्यांनी लखलखत असायचं, जणू उजेड सकाळपासूनच चालू आहे. लाकडाच्या टोकाला नको त्या शेवाळाचे हिरवे केस फुटले होते. आणि मासे, जे पूर्वी ती आली की काचेला नाक लावायचे, ते आता जेवून उठलेल्या पाहुण्यांसारखे सुस्त फिरत होते.

झाडं खोटं बोलत नाहीत. कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिने मोठ्या आईला विचारलं, टाकीला कोणी हात लावतं का. मोठी आई भाजी निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं की मी कशाला लावू हात तुझ्या डबक्याला, आणि लगेच पाण्याचा नळ नीट बंद होत नसल्याची तक्रार काढली. हे मावशीच्या लक्षात राहिलं. मोठी आई भांडताना नेहमी डोळ्यात डोळा घालून भांडते. या वेळी तिने देठ मोडता मोडता पान टाकून देठच भाजीत टाकला होता.

काकांना विचारलं तर त्यांनी टायमर जुना झाला असेल म्हणून नवा आणून लावला. नव्या टायमरनेही झाडं सातलाच मिटली.

मग मावशीने लॅबमधून दातांचं गुलाबी मेण आणलं. सकाळी निघताना टाकीखालच्या कपाटाच्या फटीवर, खालच्या बाजूला, मसुराएवढा ठिपका लावला. कपाट उघडल्याशिवाय तो फुटणार नाही आणि वाकून पाहिल्याशिवाय तो दिसणार नाही. संध्याकाळी आली, पर्स न ठेवताच वाकली. ठिपक्याचे दोन तुकडे झाले होते.

त्या क्षणी तिला भीती वाटली नाही, बरंच वाटलं, असं तिने मला नंतर सांगितलं. आपण वेड्या नाही हे तर ठरलं.

घरच्यांशिवाय किल्ली एकाच माणसाकडे होती. समोरच्या दारात राहणाऱ्या शिलाईवाल्या वहिनींकडे. दिवसभर त्या मशीनवर बसलेल्या असायच्या, आणि मोठ्या आईला काही झालं तर पटकन येता यावं म्हणून मावशीनेच त्यांना किल्ली दिली होती. चौदा वर्षांचा शेजार होता. तापात त्यांनी हिच्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्या होत्या, हिने त्यांच्या नवऱ्याची कवळी रविवारी बसून नीट करून दिली होती. पण शंकेची पाल एकदा चुकचुकली की माणूस आठवणीसुद्धा उलट्या वाचतो. वहिनी अलीकडे टाकीची फार चौकशी करतात, हे मावशीला आठवलं. त्यांच्या खिडकीत एक काचेची बरणी आली होती, आणि त्या बरणीत लाल काडीचं तरारलेलं झाड होतं. आपण दिलेली काडी बोटभर होती. हे झाड वीतभर होतं. कपाटात माशांचं खाणं असतं आणि कात्रीही असते.

आठवडाभर तिने रोज मेण लावलं आणि रोज ते फुटलं. शुक्रवारी संध्याकाळी वहिनी मोठ्या आईच्या झग्याची उसवलेली बाही शिवून घेऊन आल्या. घरातली सगळी जेवायला बसली होती. मावशीने त्यांना बसा म्हटलं नाही. तिने विचारलं, तुम्ही दुपारी आमच्याकडे येता का. वहिनी म्हणाल्या, आई हाक मारतील तेव्हाच. मग मावशीने झाडाचं विचारलं, कात्रीचं विचारलं, आणि शेवटी म्हणाली की किल्ली दिली ती आईंसाठी दिली होती, कपाटासाठी नाही.

वहिनींनी झगा खुर्चीवर ठेवला. मग घरी गेल्या, किल्ली घेऊन आल्या आणि ताटाशेजारी ठेवली.

“ताई, ही ठेवून घ्या,” त्या म्हणाल्या. “आईंना काही झालं तर मी दार तोडीन. पण किल्ली नको.”

त्या गेल्यावर काका जेवत राहिले. मोठी आई मात्र अर्ध्या ताटावरून उठली आणि हात धुवायला गेली.

सोमवारी मावशीने पुन्हा ठिपका लावला, निव्वळ खात्री म्हणून. संध्याकाळी वाकली तेव्हा मेण फुटलेलं होतं.

वहिनींची किल्ली तर तिच्या पर्समध्ये होती. म्हणजे चोर बाहेरून येत नव्हता. ती तशीच मोठ्या आईसमोर जाऊन उभी राहिली आणि मेणाचे तुकडे तिच्या तळहातावर ठेवले. आता मात्र खरं सांगा, म्हणाली.

मोठ्या आईने तुकडे निरखून पाहिले. “मीच लावते दिवा,” ती म्हणाली. “दुपारी एकटीला करमत नाही. मासे बघत बसते.”

“मग त्या दिवशी नाही का म्हणालात?”

“तू ओरडशील म्हणून.”

“कुठलं बटण दाबता?”

मोठ्या आईने कपाटाकडे बघितलं. “ते लाल आहे ना, ते.”

कपाटात लाल बटणच नव्हतं. टायमरचं बटण पांढरं होतं, आणि ते कपाटाच्या अगदी तळाशी, मागच्या कोपऱ्यात. तिथवर हात पोचवायचा तर जमिनीवर गुडघे टेकावे लागतात. मोठ्या आईचे गुडघे सहा वर्षांपासून वाकत नाहीत, तिची चप्पलसुद्धा मावशी तिच्या पायात सरकवते. मावशी बरं म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली. पण कणीक मळताना तिच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. बाई आयुष्यात कोणापुढे नमली नाही. तिने न केलेला गुन्हा अंगावर घ्यावा, असं जगात कोण आहे तिचं?

उत्तर एकच होतं, आणि ते साडेसहाला रोजच्यासारखं डबा हातात घेऊन दारातून आत आलं.

त्या दिवसापासून तिने टाकी सोडून नवऱ्याकडे पाहायला सुरुवात केली. जे आधीच दिसायला हवं होतं ते आता दिसलं. काकांच्या बुटांवर सिमेंटची धूळ नव्हती. शर्टाला ग्रीसचा वास नव्हता. पूर्वी धुतल्यावर बादलीचं पाणी काळं व्हायचं, आता साबणाचा फेस पांढराच राहायचा. माणूस दिवसभर कामाला जातो आणि कपडे मळत नाहीत, यातून बाईच्या मनात जे येतं तेच तिच्याही मनात आलं. कोणी तरी आहे. कोणी तरी आपल्याच घरात, आपल्याच टाकीच्या उजेडात येऊन बसते, मासे किती छान म्हणते, त्यांना खायला घालते, आणि सासूला हे सगळं ठाऊक आहे. दोन रात्री ती नीट जेवली नाही. काकांनी विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, दाढ दुखतेय.

बुधवारी हेच कारण तिने लॅबमध्ये सांगितलं आणि साडेअकराला निघाली. दातांच्या लॅबमधून दाढ दुखते म्हणून घरी जाणारी ती पहिलीच.

बसच्या खिडकीतून रोज काकांची साइट दिसायची. चौदा मजले उभे राहिले होते आणि वर क्रेनचा पिवळा हात सावकाश फिरत होता. ती क्षणभर सैल झाली. तो वरच आहे की, तिला वाटलं, आपण उगाच काय काय मनात आणलं. थोडं अपराध्यासारखंही वाटलं. घरी जावं, मोठ्या आईबरोबर जेवावं, असं ठरवून ती जिना चढली.

दाराशी आली तर आतून बोलण्याचा आवाज येत होता. मोठ्या आईचा, आणि एका पुरुषाचा. मावशी किल्ली हातात धरून उभी राहिली. समोरच्या घरातलं शिलाई मशीन चालू होतं, मग थांबलं. तिने दार उघडलं.

टाकीचा दिवा लागला होता. काका टाकीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते, पुढ्यात तिनेच सकाळी भरलेला डबा. मोठी आई शेजारी खुर्चीत. तिसरं कोणी नव्हतं. मावशीने तरी आतल्या खोलीत जाऊन पाहिलं, न्हाणीघराचं दार ढकललं. परत आली तेव्हा काका उभे राहिले होते, हातात डबा तसाच.

“तू लवकर आलीस,” ते म्हणाले.

“तुम्हीही,” मावशी म्हणाली.

काकांनी सांगितलं की आज साइट बंद आहे. मावशी म्हणाली, मी आत्ता बसमधून बघितली, तुमची क्रेन फिरत होती. हे बोलताना तिला स्वतःलाच उमगलं की गेले कित्येक दिवस ती खिडकीतून वर बघत होती आणि केबिनमध्ये दुसराच माणूस होता. काकांनी डबा खाली ठेवला. मोठी आई म्हणाली, सांग रे आता, माझ्याच्याने आणखी खोटं नाही बोलवत. पण काका चपला घालून खाली गेले आणि अंधार पडताना परत आले.

त्या दुपारी मावशीने काय करावं? तिने टाकी आवरायला घेतली. हिरवे केस आता पानापानावर चढले होते आणि त्यावर एकच जालीम उपाय असतो, तीन दिवस पूर्ण काळोख. तिने हाताला लागेल तेवढं शेवाळ ओढून काढलं, पाणी बदललं, गॅस बंद केला आणि चारही बाजूंनी दोन जाड चादरी गुंडाळून टाकल्या. बाहेरच्या खोलीत एकदम कोणी माणूस गेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी काका घरीच होते, आता लपवायला काही उरलं नव्हतं. मावशीनेही सुट्टी घेतली. दिवसभर तिघं त्या गुंडाळलेल्या टाकीसमोर येऊन बसत आणि उठून जात. संध्याकाळी काकांनी आपणहून सुरुवात केली, चादरीकडे बघत.

अडीच महिन्यांपूर्वी दुपारी अचानक वारा सुटला होता. दोरखंडाला भिंतीचा तयार तुकडा लटकत होता आणि तो झोके घेऊ लागला. खाली दोन कामगार होते. ते जमिनीवर पालथे पडले आणि तुकडा त्यांच्या पाठीवरून गेला, परत आला, पुन्हा गेला. काकांनी तो शांतपणे सावरून खाली टेकवला. कोणाला ओरखडाही आला नाही, सगळ्यांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे शिडी चढले आणि तिसऱ्या टप्प्यावर त्यांचे हात गजावरून सुटेनात. वरही जाता येईना, खालीही. दोघांनी मिळून उतरवलं. चार दिवस ते पुन्हा पुन्हा गेले आणि चारही दिवस तेच झालं. मग साइटवाल्यांनी सांगितलं, बरं वाटेपर्यंत घरी बसा, तीन महिने पगार चालू राहील.

“घरी सांगायचं होतं,” काका म्हणाले. “पण तू रोज विचारायचीस, आज वर वारा होता का. वीस वर्षं मी नाही म्हणत आलो.”

मग ते सकाळी सातला निघायचे, मावशी गेली की परत यायचे. मोठ्या आईला तिसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं आणि गप्प राहायची शपथ घातली. टाकीचं कसं काय, विचारलं तर म्हणाले, डोळे मिटले की जमीन खाली जायची. उघडे ठेवून काहीतरी बघत राहायला हवं होतं. “इथे सगळं समोर असतं. खाली काही नसतं.” दिव्याशिवाय दिसत नव्हतं, म्हणून दिवा लावायचे, मासे काचेशी आले की चिमूटभर खाणं टाकायचे. चार वाजता पुन्हा टायमरवर टाकून बाहेर पडायचे. उजेडाचे तास मोजलेले असतात, हे त्यांना माहीतच नव्हतं.

मावशी ऐकत राहिली. शिडीवर अडकलेला आपला माणूस तिला दिसत होता. पण तोंडातून आधी दुसरंच बाहेर आलं.

“वहिनींना मी बोलले तेव्हा तुम्ही जेवत होतात,” ती म्हणाली.

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“आणि घास गिळलात.”

काका पुन्हा हो म्हणाले. मोठ्या आईने त्यांची बाजू घेतली नाही. तिने एवढंच सांगितलं की तुझा माझ्यावरचा राग चार दिवसांचा असतो, म्हणून दिवा मीच लावते म्हणाले.

दुसऱ्या सकाळी दोघं समोरच्या दारात गेली. काकांनी शिडीपासून सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. वहिनींनी मशीन थांबवलं, काकांना पाणी दिलं, आणि त्यांच्या भावालाही एकदा बोगद्यात असं झालं होतं ते सांगितलं. काकांना त्यांनी तिथल्या तिथे माफ केलं. मावशीने हात जोडले तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, असू दे ताई, आणि सुईत दोरा ओवू लागल्या. बरणीतली काडी तीच होती, बोटभर दिलेली. खिडकीतल्या उजेडात वाढली होती, इतकंच. आता त्या येतात, बोलतात, मोठ्या आईची बाही शिवून देतात. किल्ली मात्र मावशीने दोनदा पुढे केली तरी घेतलेली नाही.

तीन दिवसांनी चादरी काढल्या तेव्हा हिरवे केस मरून पांढरे पडले होते आणि निम्म्या लाल काड्याही वितळून गेल्या होत्या. मासे सगळे शाबूत होते. काकांनी मागचं उघडं रान बघितलं आणि विचारलं, यातलं किती माझ्यामुळे. मावशी म्हणाली, सगळंच. मग तिने त्यांना चिमटा कसा धरायचा ते दाखवलं आणि उरलेले शेंडे एकेक करून त्यांच्याकडून परत लावून घेतले. अर्धे तरंगून वर आले. तिने ते पुन्हा लावले.

काका एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागले. शिडीवर ते अजून चढलेले नाहीत, आणि चढतील असं डॉक्टरीणबाईही म्हणत नाहीत. पण क्रेनला जमिनीवरूनही एक माणूस लागतो, वरच्या चालकाला हाताच्या खुणांनी आणि वॉकीटॉकीवर रस्ता दाखवणारा. वरून काय दिसत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? दुसऱ्या एका साइटवर त्यांनी ते काम घेतलं. पहिल्या आठवड्यात मावशी दुपारच्या सुट्टीत दोनदा त्या रस्त्याने गेली. मला तिने सांगितलं की सहज गेले होते.

दिवसभर वर बघून काकांची मान धरते. संध्याकाळी मोठी आई खुर्चीत बसते, त्यांना पुढ्यात खाली बसवते आणि मान चोळून देते. चोळता चोळता विचारते, आज वर कोण होतं. काका सांगतात, आणि म्हणतात, घाई करतो जरा, पण हात चांगला आहे त्याचा.